वाङ्मयीन कृतींचा प्रताधिकार: स्वरूप आणि मर्यादा

मराठी ग्रंथाच्या मुखपृष्ठामागील पानावर 'सर्व हक्क स्वाधीन' अशी एक ओळ बहुधा छापलेली असते. वाचक तिच्यावरून दृष्टी फिरवून पुढे जातो. हे हक्क कोणते, ते कोणाच्या स्वाधीन, किती काळपर्यंत, आणि 'सर्व' या शब्दात नेमके काय काय येते, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. परंतु भाषा व वाङ्मय यांच्या अभ्यासकाचा सारा व्यवहार दुसऱ्याच्या शब्दांशी असतो. तो उतारे घेतो, अनुवाद करतो, पोथ्यांचे संपादन करतो, कोश रचतो आणि खेड्यापाड्यांतून गाणी व कथा ध्वनिमुद्रित करून आणतो. यांपैकी प्रत्येक कामात कोणाचा ना कोणाचा हक्क गुंतलेला असण्याचा संभव असतो. त्याविषयीच्या अज्ञानाने दुहेरी हानी होते. काही अभ्यासक दुसऱ्याचा हक्क नकळत मोडतात, तर काही नसलेल्या हक्काच्या भीतीने उपयुक्त काम हाती घेण्याचे टाळतात. म्हणून भारतीय कायद्याच्या आधारे या हक्काचे स्वरूप, आणि स्वरूपाइतक्याच महत्त्वाच्या अशा त्याच्या मर्यादा, स्पष्ट करून घेणे अगत्याचे आहे.

१. संज्ञा व पूर्वेतिहास

या हक्काला मराठीत 'मुद्रणाधिकार', 'स्वामित्वहक्क' आणि 'प्रताधिकार' अशी तीन नावे आढळतात. पहिल्यात अव्याप्तीचा दोष आहे, कारण छापणे हा या हक्काचा केवळ एक अंश होय. नाटकाचा प्रयोग करणे, कादंबरीवर चित्रपट काढणे, कवितेचा अनुवाद करणे हेही त्यात येते. दुसऱ्या संज्ञेत अतिव्याप्ती आहे. स्वामित्व जमिनीचे असते तसे घराचेही असते. शिवाय ग्रंथाची प्रत विकत घेणारा त्या प्रतीचा स्वामी होतोच. तो ती वाचू शकतो, दुसऱ्यास देऊ शकतो, रद्दीतही घालू शकतो. मात्र तीवरून दुसरी प्रत काढून विकण्याचा अधिकार त्याला मिळत नाही. वस्तूचे स्वामित्व आणि कृतीचा हक्क या दोन भिन्न गोष्टी असल्याने 'प्रताधिकार' ही संज्ञा त्यातल्या त्यात निर्दोष म्हणावी लागेल. पत्राच्या बाबतीत हा भेद विशेष स्पष्ट होतो. आलेल्या पत्राचा कागद ज्याला ते आले त्याचा. त्यातील मजकुराचा हक्क मात्र लिहिणाऱ्याचा. लेखकांचा पत्रव्यवहार प्रसिद्ध करू इच्छिणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावयास हवे.

इंग्लंडमध्ये १७१० साली अंमलात आलेल्या कायद्याने हा हक्क प्रथम ग्रंथकारास दिला. तोपर्यंत तो मुद्रकांच्या व पुस्तकविक्रेत्यांच्या संघाच्या हाती होता. हिंदुस्थानात कंपनी सरकारने १८४७ मध्ये असा कायदा केला. त्याअन्वये प्रसिद्धीपासून ४२ वर्षे, किंवा लेखकाची हयात व पुढील ७ वर्षे, यांपैकी जी मुदत अधिक ती धरली जाई. त्यानंतर १९१४ चा कायदा आला आणि स्वातंत्र्योत्तर काळात १९५७ चा. हा शेवटचा कायदा २१ जानेवारी १९५८ पासून अंमलात असून वेळोवेळी झालेल्या दुरुस्त्यांसह, त्यातही १९९४ व २०१२ च्या दुरुस्त्यांसह, तोच आज लागू आहे.

या कायद्याप्रमाणे हक्क उत्पन्न होण्यास नोंदणीची आवश्यकता नाही. कृती निर्माण होताच हक्क अस्तित्वात येतो. नोंदणीचा उपयोग पुराव्यापुरता. तसेच 'सर्व हक्क स्वाधीन' ही ओळ छापली नाही म्हणून हक्क बुडत नाही, आणि छापली म्हणून तो वाढतही नाही.

२. कल्पना आणि तिची अभिव्यक्ती

प्रताधिकाराचे मर्म एका भेदात साठवलेले आहे. कल्पना, विषय, सिद्धान्त, ऐतिहासिक घटना यांवर कोणाचाही प्रताधिकार नसतो. तो असतो या गोष्टी विशिष्ट शब्दांत व विशिष्ट क्रमाने मांडणाऱ्या रचनेवर.

यासंबंधीचा भारतातील प्रमुख निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या खटल्यात दिला. आनंद यांनी 'हम हिंदुस्तानी' हे नाटक १९५३ मध्ये लिहिले होते. १९५६ मध्ये आलेला 'न्यू दिल्ली' हा चित्रपट आपल्या नाटकाची नक्कल आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दोहोंचा विषय प्रांताभिमानाचा होता, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु विषय समान असणे म्हणजे नक्कल नव्हे; चित्रपटाची मांडणी वेगळी असून त्यात हुंड्यासारखे नाटकात नसलेले विषयही आहेत, असे सांगून न्यायालयाने दावा अमान्य केला. या निर्णयाने घालून दिलेली कसोटी अशी की, दोन्ही कृती वाचल्या वा पाहिल्यानंतर दुसरी ही पहिलीची नक्कल होय, असा निःसंदिग्ध ठसा सामान्य रसिकाच्या मनावर उमटतो काय, हे पाहावे.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने या भेदाचे फळ मोठे आहे. एखाद्या विद्वानाने शोधलेला ध्वनिपरिवर्तनाचा नियम, सुचवलेली व्युत्पत्ती, विभक्तिव्यवस्थेची उपपत्ती ही सर्वांची होत. त्यांवर चर्चा करणे, त्या खोडून काढणे, त्यांच्या आधारे पुढील इमारत रचणे यांस कोणाची परवानगी लागत नाही. लागतो तो ऋणनिर्देश, आणि तो या कायद्याने नव्हे, विद्याव्यवसायाच्या धर्माने.

येथे वाङ्मयचौर्य आणि प्रताधिकारभंग यांतील फरक स्पष्ट होतो. जुन्या संतकवीचा अप्रसिद्ध अभंग कोणी स्वतःच्या नावावर खपवला, तर ते उघड वाङ्मयचौर्य होय. पण त्या अभंगावर कोणाचा प्रताधिकारच नसल्याने या कायद्याचा भंग होत नाही. उलट एखाद्या हयात कवीचा संपूर्ण संग्रह कोणी कवीच्या नावानिशी, गौरवपर प्रस्तावनेसह, परंतु अनुमतीवाचून छापला, तर त्यात चौर्य नाही, पण प्रताधिकारभंग निश्चित आहे. तळटीप दिली की सर्व दोष गेले, ही विद्यार्थ्यांत रूढ असलेली समजूत म्हणूनच अर्धीच खरी होय. वाङ्मयचौर्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये स्वतंत्र विनियम केले आहेत. त्यांचे क्षेत्र निराळे व या कायद्याचे निराळे.

प्रबंधाचा प्रश्नही याच भेदाने सुटतो. प्रबंधाचे शब्द विद्यार्थ्याचे असल्याने त्याचा प्रथम हक्कदार, वेगळा करार नसल्यास, विद्यार्थीच होय. मार्गदर्शकाने विषय सुचवला, दिशा दाखवली, चुका दाखवल्या, तरी एवढ्याने तो सहलेखक होत नाही, कारण कल्पना पुरवणे म्हणजे लेखन करणे नव्हे.

३. संपादन व कोशरचना

कृती 'स्वतंत्र' असल्यावाचून तिला संरक्षण मिळत नाही. मग जुन्या ग्रंथाच्या संपादकाचे स्थान कोणते? या प्रश्नावरील एक महत्त्वाचा निर्णय मुंबईतून गेलेल्या वादातूनच आला आहे. मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेने प्लूटार्ककृत अलेक्झांडरचरित्राच्या सर टॉमस नॉर्थ यांनी केलेल्या सोळाव्या शतकातील इंग्रजी भाषांतरातून निवडक उतारे घेऊन, ते अधूनमधून काही शब्दांनी जोडून आणि टिपा देऊन शालोपयोगी आवृत्ती काढली. पुढे मुंबईच्या के. अँड जे. कूपर यांनी बहुतांशी तसेच पुस्तक काढले. १९२३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला की, जुन्या ग्रंथातील उतारे काढून जोडण्याने संहितेवर नवा हक्क उत्पन्न होत नाही. टिपांत मात्र संपादकाचे ज्ञान, निवड व विवेक दिसून येत असल्याने त्यांवर प्रताधिकार आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या डिसेंबरमध्ये ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात हाच विचार पुढे नेला. न्यायनिर्णयांची मूळ संहिता सर्वांना खुली असते. तिच्यातील मुद्रणदोष दुरुस्त केल्याने प्रताधिकार निर्माण होत नाही. परंतु परिच्छेद कोठे पाडावयाचे, कोणता न्यायाधीश कोणाशी सहमत वा असहमत आहे हे कसे दर्शवावयाचे, यांसारख्या कामांस विषयाची जाण व निर्णयशक्ती लागते, म्हणून त्यांस संरक्षण मिळते. केवळ श्रम पुरेसे नाहीत, निर्मितीचा काही अल्प अंश तरी हवा, असे या निर्णयाचे सार सांगता येईल.

हा न्याय मराठी संशोधनास लावून पाहता, ज्ञानेश्वरीची किंवा लीळाचरित्राची मूळ संहिता कोणाच्याही मालकीची नाही. हस्तलिखिताची केवळ हुबेहूब नक्कल करून छापणाऱ्यास, त्याचे कष्ट कितीही मोठे असोत, संहितेवर हक्क सांगता येणे कठीण. मात्र पाठभेदांतून विवेकाने केलेली निवड, टीपा, शब्दार्थ, प्रस्तावना व सूची हे संपादकाचे स्वतःचे धन होय. म्हणून छापील चिकित्सक आवृत्तीतून मजकूर घेताना मूळ ग्रंथकाराचे काय व संपादकाचे काय, हे वेगळे करून पाहणे आवश्यक ठरते. कोशाचेही असेच आहे. शब्द भाषेचे, म्हणजे सर्वांचे. अर्थांची मांडणी, व्याख्यांची भाषा, उदाहरणांची निवड ही कोशकाराची. मोल्सवर्थच्या १८५७ च्या आवृत्तीवर आज कोणाचा हक्क उरलेला नाही, परंतु ती नव्याने संपादताना घातलेल्या भरीवर नव्या संपादकाचा हक्क राहील.

४. अनुवाद

अनुवादाचा हक्क मूळ लेखकाचा असतो, आणि अनुवाद झाला की अनुवादावर अनुवादकाचाही हक्क उत्पन्न होतो. अशा रीतीने एका पुस्तकात दोन हक्क एकमेकांवर रचलेले असतात. झ्यूल ब्लॉक यांच्या मराठी भाषेवरील फ्रेंच ग्रंथाचा वासुदेव गोपाळ परांजपे यांनी मराठीत अनुवाद केला. त्यातून विस्तृत मजकूर पुनर्मुद्रित करावयाचा झाल्यास ब्लॉक यांच्या हक्काची स्थिती पाहणे हे निम्मेच काम होय. परांजपे यांच्या हक्काचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. एकाची मुदत संपली म्हणून दुसऱ्याची संपत नाही.

बहुभाषी देशात हा प्रश्न किती नाजूक आहे, हे भारतीय कायद्याने प्रारंभापासून ओळखलेले दिसते. १९१४ च्या कायद्यात एक विशेष तरतूद होती. येथे प्रथम प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या बाबतीत अनुवादाचा अनन्य हक्क प्रसिद्धीपासून केवळ दहा वर्षे राही. त्या अवधीत लेखकाने एखाद्या भाषेत अनुवाद प्रसिद्ध केला वा करविला, तर त्या भाषेपुरता हक्क पुढेही टिके. इतर भाषांस मात्र ग्रंथ खुला होई. १९५७ च्या कायद्याने लेखकाचा हक्क पूर्ण मुदतीपर्यंत नेला, पण वाट अगदी बंद केली नाही. कलम ३२ अन्वये, प्रथम प्रसिद्धीनंतर सात वर्षांत एखाद्या भाषेत अनुवाद झाला नसेल किंवा झालेला अनुवाद दुर्मीळ झाला असेल, आणि हक्कदाराने परवानगी नाकारली असेल वा प्रयत्न करूनही त्याचा पत्ता लागत नसेल, तर योग्य ते स्वामित्वधन देण्याच्या अटीवर अनुज्ञा मागता येते. असे अर्ज पूर्वी प्रताधिकार मंडळाकडे जात. २०२१ च्या कायद्याने हे काम व्यापारी न्यायालयांकडे आले. परदेशी ग्रंथांच्या बाबतीत अध्यापन व संशोधन यांसाठी ही मुदत याहून कमी ठेवलेली आहे. मराठीत शास्त्रीय ग्रंथांच्या अनुवादाची वाण असल्याची तक्रार नेहमी ऐकू येते. या कलमाचा विचार मात्र क्वचितच होतो.

५. मुदत

वाङ्मयीन कृतीचा हक्क लेखकाच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. ही साठ वर्षे मृत्यूच्या दिवसापासून नव्हे, तर पुढील वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवीन्द्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये निवर्तले. त्यामुळे विश्वभारतीकडे असलेला त्यांच्या वाङ्मयाचा हक्क १९९१ च्या अखेरीस संपावयाचा होता. तो संपण्याच्या बेतात असतानाच मुदत दहा वर्षांनी वाढवण्यात आली. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचे वाङ्मय १ जानेवारी २०११ पासून खुले झाले. बा. सी. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, त्यांचे १ जानेवारी २०१७ पासून. वि. स. खांडेकर १९७६ मध्ये निवर्तले. त्यांचा हक्क २०३६ च्या अखेरपर्यंत चालेल. अनामिक वा टोपणनावाने आलेल्या आणि लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाची साठ वर्षे सामान्यतः प्रसिद्धीच्या वर्षानंतर मोजतात. टोपणनावामागील लेखक मुदतीच्या आत उघड झाल्यास मात्र त्याच्या मृत्यूवरून गणना होते.

६. न्याय्य वापर

मुदत चालू असतानाही काही वापर कायद्यानेच मोकळे ठेवले आहेत. खाजगी अभ्यास व संशोधन, टीका वा परीक्षण, आणि प्रचलित घटनांचे वृत्तनिवेदन यांसाठी केलेला न्याय्य वापर हक्कभंग ठरत नाही. किती ओळी घेतल्या म्हणजे न्याय्य, याचे माप कायद्यात नाही. 'इतके शब्द चालतात' असे ठोकताळे ग्रंथव्यवहारात प्रचलित आहेत, त्यांस कायद्याचा आधार नाही. पाहावयाचे ते एवढेच की, उतारा मुद्द्याच्या सिद्धीसाठी आला आहे की मूळ ग्रंथाची जागा घेण्यासाठी. कवितेच्या परीक्षणात चार ओळी घेऊन त्यांचे विश्लेषण करणे निराळे, आणि परीक्षणाचे निमित्त करून सारी कविता छापणे निराळे.

अध्यापनासाठीची सवलत याहून व्यापक आहे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठ व तेथील एक छायाप्रतींचे दुकान यांच्यावर २०१२ मध्ये दावा लावला. नेमलेल्या पुस्तकांतील प्रकरणांच्या छायाप्रतींचे संच विद्यार्थ्यांस पुरवले जात, ही तक्रार होती. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये असे प्रतिपादले की, 'अध्यापनाच्या ओघात' या शब्दांचा अर्थ वर्गातील तासापुरता संकुचित नाही, आणि शिकवण्याच्या हेतूस जेवढे आवश्यक तेवढे घेता येते. पुढील वर्षी प्रकाशकांनी दावा मागे घेतला. परंतु ही सवलत शिक्षक व विद्यार्थी यांच्यापुरती आहे. त्याच संचाला पुठ्ठा घालून बाजारात विकणाऱ्यास ती मिळावयाची नाही.

७. हस्तांतरण व लेखकाचे न विकले जाणारे हक्क

नवा लेखक पहिल्या ग्रंथाच्या आनंदात प्रकाशकाने पुढे केलेल्या कागदावर बहुधा न वाचताच सही करतो. त्याला पुढील गोष्टी ठाऊक असाव्यात. हक्काचे हस्तांतरण लेखी असावे लागते. तोंडी बोलण्याने हक्क जात नाही. लेखात मुदत दिली नसेल तर ती पाच वर्षे समजतात, आणि प्रदेश दिला नसेल तर तो भारतापुरता समजतात. घेणाऱ्याने वर्षभरात हक्काचा वापर केला नाही तर, करारात वेगळे काही नसल्यास, तो हक्क लेखकाकडे परत येतो. म्हणजे 'सर्व हक्क कायमचे' हे शब्द स्वतः लिहून दिले तरच जातात, एरव्ही कायदा लेखकाच्या बाजूस उभा असतो. छापण्याचा हक्क देताना अनुवादाचा, नाट्यरूपांतराचा व चित्रपटाचा हक्क स्वतःकडे ठेवणेही शक्य आहे.

सर्व हक्क दिले तरी दोन हक्क लेखकापाशी उरतात: कृती आपली आहे असे म्हणवून घेण्याचा, आणि आपल्या लौकिकास बाधा येईल अशी तिची मोडतोड रोखण्याचा. कलम ५७ मधील या हक्कांचे विवेचन मन्नू भंडारी यांच्या खटल्यात झाले. त्यांच्या 'आपका बंटी' या कादंबरीवरील चित्रपटाबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये स्पष्ट केले की, चित्रपटाचा हक्क विकत घेणे म्हणजे कादंबरीचा विपर्यास करण्याचा परवाना मिळवणे नव्हे.

८. मौखिक वाङ्मय

आतापर्यंतचे विवेचन लेखकाचे नाव ठाऊक असलेल्या लिखित वाङ्मयाचे झाले. लोकवाङ्मयाच्या संग्राहकापुढील प्रश्न याहून कठीण आहे. जात्यावर ओवी गाणाऱ्या स्त्रीचे ध्वनिमुद्रण केले, तर त्यात तीन थर असतात. परंपरेने आलेल्या ओवीला ज्ञात कर्ता नाही, म्हणून तिच्यावर कोणाचा प्रताधिकार नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते करणाऱ्या निर्मात्याचा. आणि या दोहोंच्या मध्ये आहे गाणारीचा हक्क. १९९४ च्या दुरुस्तीने कायद्याने प्रयोगकर्त्यास स्वतंत्र हक्क दिला असून त्यात गायकाबरोबर कसरत करणारा, गारुडी व व्याख्यानकर्ता यांचाही समावेश केला आहे. या हक्काची मुदत आज पन्नास वर्षांची आहे. केवळ अध्यापन वा संशोधन यांसाठी केलेल्या ध्वनिमुद्रणाने त्याचा भंग होत नाही. परंतु तेच मुद्रण पुढे विकावयाचे वा प्रक्षेपित करावयाचे झाल्यास गाणारीची संमती घ्यावी लागेल. शिवाय ती ओवी परंपरागत नसून तिने स्वतः रचलेली असेल, तर ती लोकवाङ्मय नव्हेच. त्या रचनेची कर्ती ती आहे. 'पारंपरिक' असा शिक्का मारण्यापूर्वी ही विचारपूस करणे हे संग्राहकाचे कर्तव्य होय.

अनेक जुन्या लोकगीतसंग्रहांच्या मुखपृष्ठावर संपादकाचे नाव ठळक असते आणि आत गाणारीचे नाव कोठेही नसते. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी सिद्ध केलेल्या जात्यावरील ओव्यांच्या संग्रहात गायिकांची नावे व गावे नोंदलेली आहेत. हा पायंडा अनुकरणीय आहे. नाव नोंदवण्यास टिपणवहीतील एक ओळ पुरते. ती ओळ नसली, तर पुढे संमती कोणाची घ्यावी आणि स्वामित्वधन कोणास द्यावे, हे सांगण्याचे साधनच नष्ट होते.

प्रताधिकाराचा कायदा भाषेचे शब्द कोणाच्या कुंपणात घालीत नाही, आणि शब्दांची रचना करणाऱ्यास रिकाम्या हातीही पाठवीत नाही. ग्रंथ, अनुवाद, संपादित पोथी किंवा ध्वनिमुद्रण हाती घेताना त्यात किती थर आहेत, प्रत्येक थर कोणाचा आहे व त्याची मुदत कोठवर आहे, एवढे तीन प्रश्न अभ्यासकाने स्वतःस विचारावेत. त्यांची उत्तरे मिळाली म्हणजे परवानगी कोठे मागावयाची आणि कोठे निःशंकपणे काम सुरू करावयाचे, हे सहज ठरते.